आठ ते अकरा

सीबीएस या अमेरिकन नेटवर्कने १७ सप्टेंबर १९७२ रोजी, रविवारी रात्री आठ वाजता, 'मॅश' ही विनोदी मालिका सुरू केली. कोरियातल्या युद्धाच्या काळातलं तंबूंमधलं लष्करी इस्पितळ, रक्ताने माखलेले सर्जन आणि डोकं ठिकाणावर राहावं म्हणून त्यांनी चालवलेला वात्रटपणा, असा तिचा ऐवज होता. (आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा अजून पंधरा दिवस होते.) त्याच वेळी एनबीसीवर डिस्नेचा कार्यक्रम असे आणि एबीसीवर 'द एफबीआय'. घरात पोरंबाळं असतील तर रविवारी आठ वाजता कोणतं चॅनल लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मोसम संपला तेव्हा मॅश लोकप्रियतेच्या यादीत शेहेचाळिसावी होती. इतक्या खाली गेलेल्या मालिकेला पुढचं वर्ष सहसा मिळत नसे.

मॅशला मिळालं, आणि नुसतं वर्ष नाही, नवी जागाही मिळाली. १९७३च्या सप्टेंबरपासून ती शनिवारी साडेआठला लागू लागली. तिच्या आधी, आठ वाजता, 'ऑल इन द फॅमिली' होती. ती तेव्हा देशात सर्वांत जास्त पाहिली जाणारी मालिका होती. तिच्यानंतर, नऊला, 'द मेरी टायलर मूर शो'. या दोघींच्या मधल्या अर्ध्या तासात मॅश जाऊन बसली आणि त्या वर्षी चौथ्या क्रमांकावर आली. लेखक, नट, तंबू सगळं तेच होतं. दहा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९८३ला, तिचा अडीच तासांचा शेवटचा भाग दाखवला गेला तेव्हा टीव्ही असलेल्या अमेरिकन घरांपैकी ६०.२ टक्के घरांत तो लागला होता. बघणारी माणसं दहा कोटींच्या वर गेली. त्या रात्री ३० सेकंदांच्या जाहिरातीचा दर साडेचार लाख डॉलर होता.

मॅश चांगली होती म्हणून टिकली, यात शंका नाही. पण ती चांगली आहे हे लोकांना कळायला आधी कुणीतरी तिची जागा बदलावी लागली. श्रेयनामावलीत ज्याचं नाव कधी येत नाही, अशा त्या 'कुणीतरी'च्या धंद्याबद्दल हे प्रकरण आहे.

त्यासाठी आधी मैदान समजून घ्यायला हवं. १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत अमेरिकन टीव्ही म्हणजे व्यवहारात तीन नेटवर्क होती: सीबीएस, एनबीसी आणि एबीसी. प्रत्येकाची देशभर स्थानिक केंद्रं. काही मोठ्या शहरांतली केंद्रं नेटवर्कच्या मालकीची, बाकीची शेकडो दुसऱ्यांची, पण करारानं बांधलेली. संध्याकाळी ही केंद्रं नेटवर्कचा कार्यक्रम जसाच्या तसा दाखवत. १९७१मध्ये सरकारी नियमाने नेटवर्कांचा रोजचा वाटा तीन तासांवर आणला, तेव्हापासून प्राइमटाइम म्हणजे रात्री आठ ते अकरा हे पक्कं झालं. हे पूर्व किनाऱ्याचं घड्याळ. शिकागोसारख्या मधल्या पट्ट्यातल्या शहरांत तोच कार्यक्रम सातलाच लागे, आणि पश्चिम किनाऱ्यावर तो तीन तास राखून ठेवून त्यांच्या आठला दाखवत. एकाच घड्याळावर चालणाऱ्या आपल्या देशात या भानगडीची कल्पना येत नाही, पण शिकागोतला कामगार दहाला झोपायला मोकळा होई आणि न्यूयॉर्कचा माणूस अकरापर्यंत ताटकळे, यालाही वेळापत्रकात हिशेब होता.

मोसम सप्टेंबरात का सुरू होई? याची एक मोठी मजेशीर बाजू म्हणजे मोटारी. डेट्रॉइटचे कारखाने नवी मॉडेल शरदात बाजारात आणत, आणि मोटार कंपन्या टीव्हीच्या बड्या जाहिरातदारांपैकी होत्या. त्यांना नव्या गाडीसाठी नवा कार्यक्रम हवा असे. उन्हाळ्यात लोक बाहेर असतात म्हणून जुने भाग पुन्हा दाखवायचे, आणि मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांसमोर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडायचं, असं सगळं पंचांग ठरलेलं होतं.

सुरुवातीला मात्र वेळापत्रक नेटवर्कच्या हातात पूर्ण नव्हतं. १९५०च्या दशकात एक कंपनी अख्खा कार्यक्रम प्रायोजित करी. तिची जाहिरात संस्था तो तयार करवून घेई आणि नेटवर्कचा अर्धा तास विकत घेई. साबणवाला आपला अर्धा तास हलवायला तयार नसेल तर नेटवर्क काय करणार? एनबीसीचे पॅट वीव्हर यांनी ही मक्तेदारी मोडायचा प्रयत्न केला. नियतकालिकात जशी पानं विकतात तसे मिनिटांचे तुकडे अनेक कंपन्यांना विकावेत, कार्यक्रम आपल्या हातात ठेवावा, ही त्यांची कल्पना होती. पण खरा निकाल लावला तो प्रश्नमंजुषांच्या घोटाळ्याने. 'ट्वेंटी-वन'सारख्या कार्यक्रमांत लाडक्या स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती, हे १९५९पर्यंत चव्हाट्यावर आलं. नेटवर्कांनी त्या बदनामीचा उपयोग करून घेतला आणि कार्यक्रमांची सूत्रं प्रायोजकांकडून काढून घेतली. तेव्हापासून सोमवार ते रविवार, संध्याकाळचा हा सगळा पट एका माणसाच्या भिंतीवर आला. खरोखरच्या भिंतीवर: कार्यक्रमप्रमुखाच्या खोलीत लोहचुंबकी फलक असे, त्यावर तिन्ही नेटवर्कांच्या आठवड्याचे रकाने आणि प्रत्येक कार्यक्रमाची एक पट्टी. पट्ट्या इकडच्या तिकडे करत माणसं रात्री जागवत.

पट्टी कुठे लावायची हे ठरवायला आकडे लागत, आणि आकडे येत नील्सनकडून.

आर्थर नील्सन यांनी १९२३मध्ये शिकागोत कंपनी काढली ती टीव्हीसाठी नव्हे. औषधांच्या आणि वाणसामानाच्या दुकानांत जाऊन कुठल्या कंपनीचा किती माल खपला हे मोजणं, हा तिचा टीव्हीच्या आधीचा धंदा. बाजारातला 'वाटा' ही कल्पना त्यांच्या कामातून रुळली. १९३६मध्ये त्यांनी एमआयटीतल्या दोन प्राध्यापकांचं एक यंत्र मिळवलं. रेडिओ केव्हा चालू होता आणि कोणत्या स्टेशनवर होता, याची ते नोंद ठेवी. त्याचं नाव ऑडिमीटर. १९५०पासून तेच टीव्हीला लागलं. खपलेले डबे मोजणारा माणूस आता घरं मोजू लागला. यात गैर काही नव्हतं, पण लक्षात ठेवण्यासारखं बरंच आहे. रेटिंग हा कार्यक्रमाला दिलेला गुण नव्हता. नेटवर्क जाहिरातदाराला जो माल विकत होतं त्याचं ते वजन होतं, आणि माल म्हणजे बघणारी माणसं.

सुरुवातीच्या यंत्रातली फिल्म दर आठवड्याला टपालाने परत पाठवावी लागे. घरातल्या बाईने नवी फिल्म बसवली की यंत्रातून पाव डॉलरची दोन नाणी बाहेर पडत. पुढे १९७३मध्ये यंत्रं टेलिफोनच्या तारेने जोडली गेली आणि रोजच्या रोज आकडे मिळू लागले. नमुना मात्र छोटाच राहिला. १९७०च्या दशकात सुमारे १,२०० घरं सात कोटी घरांच्या वतीने टीव्ही बघत होती. म्हणजे नील्सनच्या एका घरातल्या माणसाने कंटाळून चॅनल बदललं की कागदावर साठेक हजार घरांनी बदललं.

एवढ्याशा घरांवरून देशाचा अंदाज येतो का? येतो. नमुना नीट निवडलेला असेल तर देश किती मोठा आहे याने फारसा फरक पडत नाही. पण अंदाज हा अंदाजच. वीस टक्के रेटिंग दाखवणाऱ्या कार्यक्रमाचा खरा आकडा अठरा ते बावीसच्या मधे कुठेही असू शके. नील्सनची माणसं हे कधी लपवत नव्हती. धंद्यात मात्र एकोणीस आणि वीस यांच्यातल्या फरकावर मालिका बंद पडत. १९६३मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने या मोजणीची झाडाझडती घेतली, पुढच्या वर्षी देखरेखीसाठी परिषदही स्थापन झाली. तरी सवय बदलली नाही. दुसरा आकडाच नव्हता ना.

दोन शब्द मात्र वेगळे ठेवायला हवेत, कारण टीआरपीच्या बातम्यांत आजही त्यांची गल्लत होते. 'रेटिंग' म्हणजे टीव्ही असलेल्या सगळ्या घरांपैकी किती घरांत कार्यक्रम लागला होता. 'शेअर' म्हणजे त्या क्षणी जितके टीव्ही चालू होते त्यांपैकी किती. मॅशच्या शेवटच्या भागाचं रेटिंग ६०.२ आणि शेअर ७७ होता, याचा अर्थ त्या रात्री चालू असलेल्या चार टीव्हींपैकी तिनांवर तोच होता. नेहमीच्या दिवशी नेटवर्कची नजर शेअरवर असे. तिघं मिळून प्राइमटाइमचा नव्वद टक्क्यांहून जास्त प्रेक्षक खात. त्याचे तीन भाग केले की तीसेक होतात. तीसचा शेअर मिळाला तर मालिका जगली, त्याखाली गेली की धास्ती.

आता एनबीसीच्या पॉल क्लाइन यांच्याकडे येऊ. प्रेक्षक-मोजणीचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि आकड्यांकडे पाहून १९७०च्या सुमारास ते एका उद्धट निष्कर्षाला आले. रात्री नऊ वाजता किती टीव्ही चालू असतात हे, कार्यक्रम चांगले असोत की भिकार, जवळजवळ ठरलेलं असतं. म्हणजे लोक कार्यक्रम बघायला टीव्ही लावत नाहीत. ते टीव्ही बघायला टीव्ही लावतात, आणि मग तिघांपैकी ज्यावर कमीत कमी आक्षेप आहे तो ठेवतात. उत्तम असण्याची गरजच नाही, फक्त कुणाला उठून चॅनल बदलावंसं वाटू नये. हे वाचून कलावंत चिडले, आणि चिडायला हवंच होतं. पण रिमोट अजून सरसकट आलेला नसताना 'उठून' या शब्दाचं वजन लक्षात घ्या. (दूरदर्शनच्या एकुलत्या एका चॅनलच्या काळात तर आपल्याला आक्षेप तोलण्याचीही सोय नव्हती. रविवारचा सिनेमा कसाही असो, तोच.)

क्लाइनचं म्हणणं मान्य केलं की वेळापत्रकाच्या सगळ्या युक्त्या आपोआप सुचतात. आठ वाजता बसलेला माणूस शक्यतो अकरापर्यंत उठत नाही, म्हणून पहिला कार्यक्रम दणकट हवा. दोन दणकट कार्यक्रमांच्या मधे नवखा टांगला तर तो पडत नाही. या जागेला धंद्यात हॅमॉक म्हणत, दोन झाडांना बांधलेली झोळी. मॅश याच झोळीत वाढली. समोरच्याचा कार्यक्रम अर्ध्यावर असताना आपला सुरू झाला तर कुणी येत नाही, म्हणून आपलाच लांब करून समोरच्याच्या सुरुवातीवर चढवायचा, हीही एक चाल होती. आणि फेब्रुवारी, मे, जुलै, नोव्हेंबर या चार महिन्यांत, जेव्हा स्थानिक केंद्रांचे दर ठरवण्यासाठी देशभर घरोघरी रोजनिश्या भरून घेतल्या जात, तेव्हा मालिकांमध्ये अचानक लग्नं लागत, बाळं जन्मत आणि पाहुणे तारे टपकत.

जागा चुकली की काय होतं याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक'. १९६८मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून ती तिसऱ्या वर्षासाठी वाचवली. निर्माते जीन रॉडेनबेरी यांना सोमवारची संध्याकाळ हवी होती. मिळाली शुक्रवारची रात्र, दहा वाजता. कॉलेजातली पोरं शुक्रवारी रात्री दहाला घरात असतात का? १९६९मध्ये मालिका संपली. उलट बाजूला 'गनस्मोक' हा काउबॉयपट. सीबीएसने १९६७मध्ये तो बंद करायचं ठरवलं होतं. नेटवर्कचे सर्वेसर्वा विल्यम पेली यांनी निर्णय फिरवला (त्यांच्या पत्नीला तो आवडायचा, असं सांगतात), शनिवारचा कार्यक्रम सोमवारी संध्याकाळी नेला, आणि घसरत चाललेली मालिका थेट पहिल्या पाचांत आली. मग ती १९७५पर्यंत चालली, एकूण वीस वर्षं. जागा करून देण्यासाठी 'गिलिगन्स आयलंड' बंद झाली. वेळापत्रकात नवी जागा तयार होत नाही, कुणाची तरी घ्यावी लागते.

इथपर्यंत प्रश्न 'किती' असा होता. १९६०च्या दशकात तो 'कोण' असा होऊ लागला, आणि याचं श्रेय किंवा दूषण एबीसीकडे जातं. ते कायम तिसरं असे. तेव्हाचा एक विनोद होता: व्हिएतनामचं युद्ध एबीसीवर लावा, तेरा आठवड्यांत बंद पडेल. एकूण संख्येत हरणाऱ्याने काय करावं? एबीसीने जाहिरातदारांना सांगायला सुरुवात केली की आमचे प्रेक्षक थोडे आहेत पण तरुण आहेत, शहरी आहेत, नव्या वस्तू घेणारे आहेत. पडणाऱ्याने काढलेली ही पळवाट होती. पण जाहिरातदारांना ती पटली, आणि पुढे १८ ते ४९ हा वयोगट म्हणजे टीव्हीच्या धंद्याचं चलन होऊन बसला.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो अव्वल असलेल्या सीबीएसच्या स्वतःच्याच मालिकांना. १९६०चं दशक सीबीएसने खेड्यातल्या विनोदावर जिंकलं होतं. 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स', 'मेबेरी आर.एफ.डी.', आणि 'ही हॉ' हा गावरान गाण्यांचा आणि चुटक्यांचा कार्यक्रम. तेल सापडून श्रीमंत झालेलं डोंगरातलं कुटुंब, शहर सोडून शेतीला आलेला वकील, अशी सगळी मंडळी. आकड्यांत काही कमी नव्हतं. मेबेरी आणि ही हॉ तर १९७०-७१मध्ये पहिल्या वीसांत होत्या. पण बघणारे उतारवयाचे आणि लहान गावांतले. नेटवर्कचे अध्यक्ष रॉबर्ट वुड पूर्वी सीबीएसच्या स्वतःच्या केंद्रांचा कारभार बघत. ती केंद्रं न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत होती, आणि तिथे या मालिका चालत नव्हत्या. देश जिंकायचा आणि आपल्या मालकीच्या दुकानात मार खायचा, असा प्रकार चालला होता. त्यातच १९७१च्या नियमाने रोजचा अर्धा तास गेला. काहीतरी कापणं भागच होतं.

वुड यांनी कापलं. त्यांच्या बाजूला होता १९७०मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, कार्यक्रमप्रमुख झालेला फ्रेड सिल्व्हरमन. ज्या ज्या मालिकेत झाड दिसलं ती बंद झाली, अशी थट्टा 'ग्रीन एकर्स'मधल्याच एका नटाने केली. त्यांच्या जागी आलेल्या मालिका अमेरिकन टीव्हीचा सुवर्णकाळ म्हणून आज गौरवल्या जातात. 'ऑल इन द फॅमिली'मध्ये एक वंशद्वेष्टा कामगार जेवणाच्या टेबलावर जावयाशी वर्णद्वेष, युद्ध, धर्म यांवर भांडतो. गंमत म्हणजे जानेवारी १९७१मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिला जागा दिली होती मंगळवारी साडेनऊची, ही हॉच्या लगेच मागे. गावरान चुटक्यांवर हसून झालेल्या प्रेक्षकापुढे हे भांडण आलं, आणि तो गोंधळला. उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा दाखवले तेव्हा नवे लोक आले. सप्टेंबरात शनिवारी आठची जागा मिळाली आणि ती सलग पाच वर्षं पहिली राहिली.

या कत्तलीबद्दल टीव्हीचे समीक्षक बहुधा टाळ्या वाजवतात. मला तेवढी टाळी वाजवता येत नाही. मालिका दुय्यम असतील, पण त्या बंद झाल्या त्या दुय्यम म्हणून नव्हे. बघणाऱ्यांची संख्या खोटी नव्हती, फक्त त्यांची किंमत कमी धरली गेली. साठीतली शेतकरीण आणि तिशीतली शहरी गृहिणी, दोघींच्याही घरात एकेकच टीव्ही, पण शाम्पूवाल्याच्या वहीत एकीचं वजन जास्त. त्या वहीतून मॅश आणि मेरी टायलर मूर निघाल्या हा आपल्या नशिबाचा भाग. ही हॉ मात्र मेली नाही. तिच्या निर्मात्यांनी स्थानिक केंद्रांना ती थेट विकली, आणि नेटवर्कशिवाय ती आणखी दोन दशकं चालली.

सिल्व्हरमन हा या सगळ्या खेळाचा नायक म्हणायला हरकत नाही. विद्यापीठातल्या पदव्युत्तर पदवीसाठी त्याने चक्क एबीसीच्या कार्यक्रम-नियोजनावर काहीशे पानांचा प्रबंध लिहिला होता. १९७५मध्ये तो त्याच एबीसीत गेला. तिथे त्याने एक जुनी चाल नव्या सफाईने खेळली: चालणाऱ्या मालिकेतली दुय्यम पात्रं उचलायची, त्यांची वेगळी मालिका करायची आणि ती मूळ मालिकेच्या पाठीला लावायची. 'हॅपी डेज'मध्ये दोन मैत्रिणी पाहुण्या म्हणून आल्या, आणि जानेवारी १९७६मध्ये मंगळवारी साडेआठला त्यांची 'लाव्हर्न अँड शर्ली' सुरू झाली. १९७६-७७मध्ये एबीसी पहिल्यांदा अव्वल आलं. त्या वर्षी हॅपी डेज पहिली होती आणि नंतरची दोन वर्षं लाव्हर्न अँड शर्ली. 'टाइम'ने सिल्व्हरमनला मुखपृष्ठावर घेतलं.

त्याच मोसमातली 'रूट्स'ची गोष्ट मला या धंद्यातली सर्वांत बोलकी वाटते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसाच्या पिढ्यांची, गुलामगिरीची ही कथा. २३ ते ३० जानेवारी १९७७, सलग आठ रात्री ती दाखवली. असं तोवर कुणी करत नसे. आठवड्याला एक भाग हीच रीत होती. सलग दाखवण्याचं धाडस म्हणून पुढे सिल्व्हरमनचं कौतुक झालं. पण दुसरं स्पष्टीकरणही सांगितलं जातं: काळ्या नायकाची मालिका गोरे प्रेक्षक बघतील का याची धाकधूक होती, म्हणून फेब्रुवारीची मोजणी सुरू होण्यापूर्वी आठवड्यात ती उरकून टाकावी. शेवटच्या भागाचं रेटिंग ५१.१ आणि शेअर ७१ होता. साडेतीन कोटींहून अधिक घरं. भीतीने आखलेल्या वेळापत्रकाला इतकं यश क्वचितच मिळालं असेल.

मग १९७८मध्ये सिल्व्हरमन एनबीसीचा अध्यक्ष झाला आणि तिथे त्याचा हात चालेनासा झाला. 'सुपरट्रेन' या भयंकर खर्चिक मालिकेची गाडी १९७९मध्ये सुरू होताच रुळावरून घसरली. १९८०चं मॉस्को ऑलिंपिक एनबीसीने विकत घेतलं होतं, त्यावर अमेरिकेने बहिष्कार टाकला. १९८१मध्ये त्याला जावं लागलं. पण जाण्याआधी त्याने एक गोष्ट केली. 'हिल स्ट्रीट ब्लूज' ही पोलीस ठाण्यातली गुंतागुंतीची मालिका आकड्यांत तळाशी होती, तरी तिला दुसरं वर्ष दिलं. त्या वर्षी तिला आठ एमी पुरस्कार मिळाले. नंतर आलेले ग्रँट टिंकर आणि आधीपासून तिथेच असलेले ब्रँडन टार्टिकॉफ या जोडीने हाच धीर धोरण म्हणून चालवला. 'चिअर्स' १९८२मध्ये गुरुवारी सुरू झाली ती यादीच्या जवळजवळ तळाशी. त्यांनी ती गुरुवारवरून हलवली नाही. आकडे असे असताना थांबणं सोपं नसतं. अर्थात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्याकडे तिच्या जागी लावायला दुसरं काही नव्हतं, हेही खरं.

२० सप्टेंबर १९८४ला चिअर्सच्या एक तास आधी 'द कॉस्बी शो' आला. एबीसीने तो नाकारला होता. (कॉस्बीचं नाव पुढे लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांनी काळवंडलं, त्यामुळे आज तो कार्यक्रम कुणी सहज बघू शकत नाही. तेव्हा ते पुढचं माहीत नव्हतं.) आठला कॉस्बी, साडेआठला 'फॅमिली टाइज', नऊला चिअर्स, साडेनऊला 'नाइट कोर्ट', दहाला हिल स्ट्रीट ब्लूज. दोन वर्षं धडपडणाऱ्या मालिका त्या वर्षी पहिल्या वीसांत जाऊन बसल्या. चिअर्स १९९०-९१मध्ये देशात पहिली आली.

गुरुवारच का? या रात्रीला वेगळा भाव होता. अमेरिकेत नवे सिनेमे शुक्रवारी लागतात, लोक खरेदीला आणि मोटारी बघायला शनिवारी बाहेर पडतात. हॉलिवूडच्या स्टुडिओंना आणि मोटार विकणाऱ्यांना गुरुवार रात्रीची ३० सेकंदं मंगळवारच्या ३० सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त मोलाची. १९७०च्या दशकात सीबीएसने शनिवार जिंकला होता, एनबीसीने गुरुवार जिंकला, आणि या दुसऱ्या विजयात पैसा अधिक होता.

पुढची दहा-पंधरा वर्षं एनबीसीने ही रात्र वारसाहक्काने चालवली. 'साइनफेल्ड' १९९३च्या फेब्रुवारीत चिअर्सच्या पाठीला लावली, ती पुढच्या मोसमात तिसरी आली. १९९४च्या सप्टेंबरात 'फ्रेंड्स' गुरुवारी साडेआठला, 'मॅड अबाउट यू' आणि साइनफेल्ड यांच्या मधे टांगली. मॅशची झोळी, एकवीस वर्षांनी. त्याच वर्षी साइनफेल्डच्या मागे साडेनऊला 'मॅडमन ऑफ द पीपल' नावाची मालिका होती. ती वर्षाच्या यादीत पहिल्या पंधरांत आली आणि बंद झाली, कारण साइनफेल्ड जेवढी घरं तिच्या हवाली करी त्यांतली फार घरं ती घालवून बसे. आता आकडा नुसता पाहिला जात नव्हता, त्यातून जागेचं भाडं वजा केलं जात होतं.

पण जमीन खालून सरकत होती. केबल आलं, रिमोट आला, व्हीसीआर आला, १९८६मध्ये फॉक्स हे चौथं नेटवर्क आलं. १९८७मध्ये नील्सनने पीपल मीटर बसवले. घरातल्या प्रत्येकाने बघायला बसताना आपलं बटण दाबायचं. टीव्ही चालू आहे एवढंच नाही, समोर कोण आहे हेही रोज कळू लागलं, आणि मोठ्या वयाच्या प्रेक्षकांवर भिस्त असलेल्या सीबीएसचे आकडे घसरले. तिघांचा मिळून नव्वदीतला वाटा १९९०च्या सुमारास साठ-पासष्टवर आला होता. क्लाइनच्या माणसाला आता उठावं लागत नव्हतं.

२००१च्या फेब्रुवारीत सीबीएसने 'सर्व्हायव्हर' हा बेटावर माणसं सोडण्याचा खेळ गुरुवारी आठ वाजता, फ्रेंड्सच्या समोर आणला. त्याच्या पाठीला नऊ वाजता 'सीएसआय' ही गुन्हे-तपासाची मालिका जोडली. सतरा वर्षं कुणी नीट भिडलं नव्हतं त्या रात्रीवर हा उघड हल्ला होता. एनबीसीत नुकतेच कार्यक्रमप्रमुख झालेले जेफ झकर यांनी काढलेला तोडगा म्हणजे फ्रेंड्सचे भाग अर्ध्या तासाऐवजी चाळीस मिनिटांचे करणं. विनोद दहा मिनिटांनी वाढला की नाही हा प्रश्न गौण होता. साडेआठला फ्रेंड्स संपून माणूस रिमोट उचलतो, तिकडे सर्व्हायव्हरचा अर्धा खेळ तरी बघायला मिळतो. आठ चाळीसला उचलला तर तिकडे वीसच मिनिटं उरलेली असतात. त्या वर्षी यादीत पहिला सर्व्हायव्हर आला, पुढच्या वर्षी फ्रेंड्स, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सर्व्हायव्हरच्या पाठीला लावलेली सीएसआय.